जंत गोळीला दाद देईनासे झाले तर?

फेब्रुवारीत अल्बेंडाझोल या जंतनाशकाची ४०० मिलिग्रॅमची गोळी शाळेत बाईंच्या समोरच चावून खायची, हे आता पालकांना नवं नाही. देशात हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी सगळीकडे पोचला. गोळी सरसकट द्यायची, कारण प्रत्येक मुलाची शौच तपासण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

जंत औषधाला दाद देईनासे होणं म्हणजे ‘रेझिस्टन्स’, आणि घोळ होतो तो याच शब्दाचा. त्याचं भाषांतर ‘प्रतिकारशक्ती’ केलं की वाचणाऱ्याला वाटतं, मुलाच्या अंगातच काहीतरी कमी-जास्त झालं. प्रत्यक्षात बदलतो तो जंत. औषध जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाच्या जनुकात एखादं अक्षर बदललं की औषधाची पकड सुटते. असा जंत वाचतो, अंडी घालतो आणि पुढची पिढी त्याच्याच वळणावर जाते.

दुसरा गोंधळ व्हिपवर्म या आतड्यातल्या चाबकासारख्या जंताचा. त्याच्यावर एक गोळी पहिल्यापासूनच तोकडी पडते. गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शौचातली अंडी मोजतात, तेव्हा गोल जंताची ९५ टक्के आणि हुकवर्मची (आकड्यासारख्या जंताची) ९० टक्के अंडी घटावीत अशी अपेक्षा असते. व्हिपवर्मसाठी ५० टक्के घटही पुरेशी मानतात. मुळातच गुण कमी असणं वेगळं आणि असलेला गुण जाणं वेगळं. रेझिस्टन्स म्हणायचं ते दुसऱ्याला. त्यासाठी गोळीआधी आणि गोळीनंतर, दोन्ही वेळा अंडी मोजावी लागतात. किती मुलांना गोळी दिली एवढ्या आकड्यावरून ते कळत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे.

मेंढ्यांच्या बाबतीत हे कधीच घडून गेलं. अल्बेंडाझोलच्याच गटातलं थायबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आलं आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली. शेळीच्या शरीरात ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकामी होतात. तरी दोघींना एकाच मापाने पाजायचं, तेही वजन नजरेने ठरवून, असं वर्षानुवर्षं चाललं. अपुऱ्या डोसातून चिवट जंत तेवढे मागे राहतात. पुढे दक्षिण आफ्रिकेत मेंढीची खालची पापणी उलटून बघायची आणि रक्त कमी झाल्याने ती फिकट दिसली तरच औषध द्यायचं, ही पद्धत आली. औषध न दिलेल्या जनावरांतले साधे जंत चिवटांमध्ये मिसळत राहतात, हा तिचा फायदा.

माणसांत साधे जंत टिकवण्याचं ते काम आजवर गोळी न घेणाऱ्या मोठ्या माणसांमुळे आपोआप होत आलं आहे. पण हत्तीरोगाच्या मोहिमेत दोन वर्षांवरच्या जवळजवळ सगळ्यांनाच अल्बेंडाझोल मिळतं. गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत ही मोहीम आणि शाळेतली गोळी दोन्ही असतात. हत्तीरोग हटवायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण औषधाविना राहिलेल्या जंतांचा साठा सगळ्यात लहान होतो तोही याच भागात, म्हणून अंड्यांची मोजणी आधी इथून सुरू व्हायला हवी.