पावा, सनई आणि सूर : बेळगाव सीमाभागातील हातघडणीची फुंकवाद्ये

भारतीय संगीतशास्त्राने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. त्यांपैकी शेवटचा वर्ग पोकळ नळीतून हवा खेळवणाऱ्या वाद्यांचा. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात हाताने घडवलेली अशी अनेक वाद्ये वापरात होती. काही आजही आहेत. बांबूची आडवी बासरी, उभा पावा, लाकडी सनई, सनईच्या बाजूला एकच स्वर धरून बसणारा ‘सूर’, भोपळ्याची पुंगी आणि मुलांनी रानात बसून केलेली पिपाणी ही त्यांतली मुख्य. शिंग, तुतारी, कर्णा ही धातूकाम करणाऱ्या कारागिरांची घडण. त्यांचा विचार या नोंदीत नाही.

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. रट्ट राजांच्या काळातल्या लेखांत ते आढळते. किल्ल्यातले कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातले, 1204 चे. वेणू म्हणजे बांबू आणि वेणू म्हणजेच बासरी. मराठीतला ‘वेळू’ त्याच शब्दातून आला. म्हणजे गावाच्या नावातच कच्चा मालही आहे आणि पक्काही. कन्नडमध्ये मात्र बांबूला ‘बिदिरु’ आणि बासरीला ‘कोळलु’ असे दोन निराळे शब्द आहेत. सनईला कन्नड शेजारी ‘सनादी’ म्हणतो. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या वाजवणाऱ्याला दोन्ही नावे तोंडपाठ असतात आणि समोर यजमान कोण आहे हे पाहून तो एक निवडतो.

बांबू

जिल्ह्याचा पश्चिमेकडचा खानापूर तालुका सह्याद्रीत मोडतो. तिथे पाऊस धो-धो आणि जंगल दाट. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे. पूर्वेला अथणी-रायबागकडे गेले की जमीन उघडी, पाऊस बेताचा, मेंढरांचे कळप. बांबू पश्चिमेचा आणि तो वाजवणारा मेंढका बहुधा पूर्वेचा, असा हा व्यवहार.

खानापूरच्या रानातला प्रत्येक बांबू बासरीच्या कामाचा नसतो. मेस ही जात जवळपास भरीव असते. लाठीला, कुदळीच्या दांड्याला उत्तम, फुंकायला निरुपयोगी. काटेरी कळकाची भिंत जाड असते. तो साधारण 40 ते 50 वर्षांनी एकदा फुलतो आणि फुलल्यावर बेटच्या बेट वाळून जाते. त्या मानाने चिवा बारीक असतो. खरी अडचण पेरांची आहे. इथल्या बांबूची दोन गाठींमधली लांबी वीतभर ते हातभर. ‘पांढरी तीन’ची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या षड्जाची) मैफिलीची बासरी सुमारे 75 सेंटिमीटर लांब लागते आणि तिच्या पोटात मध्येच गाठ असून चालत नाही. म्हणून वेणुग्रामातसुद्धा मोठ्या बासरीचा बांबू आसामातून येतो. तो लांब पेरांचा, पातळ भिंतीचा.

याचा उलट परिणाम अधिक लक्षात घेण्यासारखा आहे. स्थानिक पेर आखूड असल्यामुळे स्थानिक वाद्येही आखूड आणि टिपेची झाली. 35 सेंटिमीटरच्या पेराची बासरी केली, तर तिचा षड्ज मैफिलीच्या बासरीच्या मानाने सप्तकभर, किंबहुना थोडा अधिकच वर जातो. खोलीत तो आवाज कानाला टोचतो. माळावर मात्र तो वाऱ्यावरून लांबवर पोहोचतो आणि मेंढक्याला तेच हवे असते. लोकवाद्याचा स्वर कुणी बसून ठरवला नाही. तो बांबूच्या गाठींनी ठरवला.

बांबूतोडीचे नियम बुरूड आणि मेदार (कन्नड भागात त्याच कामाचा समाज) पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. पावसाळ्यात तोड करायची नाही. कोवळा कोंब घ्यायचा नाही, तीन वर्षांचा बांबू घ्यायचा. शक्यतो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा. चंद्राचा मुद्दा बाजूला ठेवला तरी बाकीच्याला कारण आहे. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असते, त्यामुळे भुंगा लागत नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ या व्याख्येत धरला होता. 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू त्यातून वगळला. कर्नाटकाचा 1963 चा वन कायदा वेगळा आहे. राखीव जंगलातून काठी काढायला परवानगी लागते, आणि दोन बासऱ्यांसाठी कुणी अर्ज करत बसत नाही. परसातल्या बेटातला बांबू म्हणूनच लाखमोलाचा.

बासरीची घडण

सावलीत काही महिने सुकलेले पेर निवडून एका टोकाची गाठ तशीच ठेवतात किंवा तिथे बूच बसवतात. आतली सालपटे गजाने खरवडून काढतात. मग चांगल्या वाजणाऱ्या जुन्या बासरीशेजारी नवी नळी ठेवून छिद्रांच्या खुणा करतात. जुनी बासरी हीच कारागिराची मोजपट्टी. पण दोन नळ्यांची भिंत आणि पोकळी कधीच सारखी नसते, त्यामुळे खूण अंतिम नसते.

छिद्र ड्रिलने पाडले तर बांबू तडकण्याची भीती असते. म्हणून लोखंडी सळई लालभडक तापवून टेकवतात. चर्र आवाज होतो, गोडसर धूर निघतो आणि कडेला काळी वर्तुळाकार कड उरते. आधी फुंकेचे छिद्र, मग बोटांची. प्रत्येक छिद्र मुद्दाम लहान पाडायचे, फुंकून ऐकायचे आणि स्वर उतरलेला असेल तर फुंकेच्या बाजूने किंचित जाळत न्यायचे. छिद्र वाढले की स्वर चढतो. चढलेला स्वर उतरवण्याचा मार्ग जवळजवळ नाही. मेणाने कड भरून थोडे निभावते, एवढेच. एका चुकीच्या टेकवणीत आठवड्याची निवड वाया जाते. शेवटी आतून-बाहेरून तेलाचा हात आणि भेग थांबावी म्हणून जागोजागी दोऱ्याचे वेढे.

इथल्या बासरीला बोटांची सहा छिद्रे असतात. दक्षिणेच्या कर्नाटक संगीतातल्या वेणूला आठ. भाषेने बेळगाव कर्नाटकात असले, तरी धारवाड-बेळगावचा पट्टा संगीताने हिंदुस्थानी आहे आणि ही गोष्ट बासरीच्या छिद्रांतही मोजता येते. सहाही छिद्रे झाकली की मंद्र पंचम, वरची तीन झाकली की षड्ज. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी लांब, खर्जाची बासरी मैफिलीत आणली. त्याआधी हिंदुस्थानी संगीताच्या मुलखात बासरी म्हणजे बहुतांशी आखूड लोकवाद्यच होते.

पावा

पावा उभा धरतात. त्याच्या तोंडात लाकडी बूच बसवून वर फक्त एक चीर ठेवतात. हवा त्या चिरेतून जाऊन पुढच्या खिडकीच्या धारदार कडेवर आपटते. आडव्या बासरीत ओठांची ढब साधायलाच महिने जातात. पाव्यात ती ढब कारागिराने बुचातच बसवून ठेवलेली असते, त्यामुळे पोर पहिल्या दिवशी आवाज काढते. मोबदल्यात मींड आणि आसेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाण्याची, मोकळीक जाते. मेंढरांमागे चालताना, पाठीवर घोंगडे आणि काखेत काठी असताना, हा सौदा परवडतो.

सनई आणि तिचा सूर

मंगलकार्यात बासरीला मान नाही, मान सनईचा. सीमाभागातले वाजंत्री प्रामुख्याने कोरवी आणि गुरव समाजांतले. कोरवी समाजातल्या काही शाखा टोपल्या-सूप विणण्याचे काम करत आणि काही वाजंत्रीचे. उत्तर कर्नाटकातल्या ‘करडी मजलु’ या वाद्यमेळात करडी हा मोठा ढोल, टाळ आणि सनादी असते. चिंचलीच्या मायाक्काची माघी यात्रा असो, सौंदत्तीच्या यल्लम्माची पुनव असो की गावातली वरात, ढोल-हलगी अंगात ताल भरते आणि सनई कुणाच्या दारात काय चालले आहे ते सांगते.

सनई शिसव, सागवान किंवा खैराची, हातभर लांब. आतली पोकळी शंकूसारखी असते. वर जेमतेम काडी जाईल एवढी, खाली रुंदावत जाणारी, आणि टोकाला पितळेची वाटी. ही निमुळती पोकळी सरळ कोरणे हेच कारागिराचे कसब. तोंडाशी दुहेरी पत्ती असते, ताडाच्या पानाची किंवा नडासारख्या पाणगवताची. वाजंत्र्याच्या सनईला दोऱ्याने सुट्या पत्त्यांचा झुपका आणि पत्तीचे तोंड उघडायची सुई लटकत असते. वाजवण्यापूर्वी तो पत्ती तोंडात घोळवून ओली करतो. बघणाऱ्याला वाटते, हा काहीतरी चघळतोय.

‘सूर’ बाहेरून सनईसारखाच दिसतो, पण त्यावर बोटे फिरत नाहीत. छिद्रे नसतात, किंवा असलेली मेणाने बुजवलेली असतात; मेण कमी-जास्त करून आणि पत्ती आत-बाहेर सरकवून त्याचा षड्ज सनईशी जुळवतात. दक्षिणेत नादस्वराबरोबर ‘ओत्तु’ असतो, त्याचेच हे भावंड. सूर धरणारा बहुधा शिकाऊ पोर किंवा थकलेला म्हातारा. वरातीत त्याच्याकडे कुणी पाहत नाही, बिदागीही त्याची कमी. पण त्याला थांबता येत नाही. गाल फुगवून तोंडात हवेचा साठा ठेवायचा, तो गालांनी पुढे ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा, आणि स्वर तुटू द्यायचा नाही. शिकताना पाण्याच्या भांड्यात नळी सोडून बुडबुडे अखंड ठेवण्याचा सराव करतात. सनईवाला दोन ओळींच्या मध्ये घाम पुसतो. सूरवाल्याला ती सवड नसते. मंगलवाद्यांत सर्वांत सोपे दिसणारे आणि सर्वांत दमवणारे काम हेच, असे म्हणायला हरकत नाही.

सुराचा आणखी एक गुण सहसा कुणी मोजत नाही. हवा तापली की नळीतल्या ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर चढतो. 10 अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. पहाटेच्या गारठ्यात लावलेली सनई दुपारच्या मांडवात तेवढी वर गेलेली असते. पण शेजारचा सूरही लाकडाचाच, तशाच पत्तीचा, त्याच उन्हातला; तोही बरोबरीने चढतो. दोघे चुकतात, पण एकत्र चुकतात, म्हणून ऐकणाऱ्याला ते सुरातच लागतात.

पुंगी आणि पिपाणी

कडू भोपळ्याच्या पोटात मेणाने दोन नळ्या बसवल्या की पुंगी झाली. एका नळीला छिद्रे, दुसरी नुसता आधारस्वर धरणारी. म्हणजे सनई आणि सूर एकाच माणसाच्या तोंडात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांचे खेळ बंद झाले आणि गारुड्याबरोबर पुंगीही गेली. मराठीत ती आता बोलण्यातच उरली आहे, तीही गाजराची : वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली.

पिपाणीला कारागीर लागत नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यावा, पानाकडची बाजू बंद राहील असा कापावा, बंद टोकाजवळ ब्लेडने उभी चीर द्यावी आणि ते टोक तोंडात धरून फुंकावे. चिरेच्या कडा थरथरतात आणि म्हशीच्या रेडकासारखा आवाज निघतो. देठ लांब तेवढा आवाज खाली. दोन मुलांनी वेगवेगळ्या लांबीचे देठ घेतले की एक सूर धरतो आणि दुसरा धिंगाणा घालतो. पपईचा चीक ओठाला लागतो आणि मग घरी ओरडा बसतो. आंब्याची कोय दगडावर घासून केलेली पुंगी हे याचेच मोसमी रूप.

सद्यःस्थिती

बासरीचा मोठा बाजार उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतचा आहे. आसामचा बांबू तिथे जातो आणि बासऱ्या होऊन देशभर पसरतो. बेळगावहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सीमाभागातल्या फुंकवाद्यांना तसे एक गाव, एक पेठ कधीच नव्हती. ती वाजवणाऱ्याच्याच घरी झाली आणि त्याच्याबरोबर विखुरली. शिकणारी मुले हल्ली पीव्हीसीच्या पाइपची बासरी घेतात. ती तडकत नाही, पावसाने फुगत नाही आणि सरावाला वाईटही नाही. नाक मुरडण्याचे कारण नाही.

वरातीत डॉल्बी आल्यावर सनईवाल्याला उरले ते देवक बसवण्यापासून अक्षता पडेपर्यंतचे तास. त्यातही आधी कपात झाली ती सूर धरणाऱ्याची : एक माणूस कमी, एक वाटा कमी. त्याच्या जागी विजेची सुरपेटी किंवा मोबाइलमधला तंबोरा आला. तो दमत नाही आणि बिदागीही मागत नाही. पण मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या मांडवात सनई चढत जाते आणि पेटी पहाटेच्याच स्वरावर ठाम असते. मग सनईवाला मंगलाष्टकांच्या मध्येच थांबतो, पत्ती चिमटीत धरून दोन सुतांनी बाहेर ओढतो, एकदा फुंकून पाहतो आणि पेटीपर्यंत खाली उतरतो.