राजदूताला घ्यायला घोडागाडी येते तेव्हा

आमच्या लंडन फेरफटक्याला येण्याआधी हे जरूर वाचा

लग्नात व्याह्यांना घ्यायला कोण गेलं, गाडी कोणती पाठवली, यावर आपल्याकडे पुढची दहा वर्षं बोललं जातं. ब्रिटनच्या राजघराण्यात परदेशी पाहुण्यांचा हा मानपान सांभाळायला एक स्वतंत्र कार्यालय आहे. त्याच्या प्रमुखाला ‘मार्शल ऑफ द डिप्लोमॅटिक कोअर’ म्हणतात. आमचा हा मराठी फेरफटका या कार्यालयाच्या कामाभोवती बांधलेला आहे. बकिंगहॅम पॅलेसपुढे फोटो काढून लोक परततात आणि त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या घोडागाडीचा अर्थ कुणी सांगत नाही, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटते.

पद जुनं आहे. पहिले जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आले आणि परदेशी राजदूतांच्या आगतस्वागतासाठी त्यांनी ‘मास्टर ऑफ द सेरेमनीज’ नेमला. पहिले मानकरी सर लुईस ल्यूकनॉर. १९२० मध्ये त्या पदाच्या जागी आजचं मार्शलपद आलं. पदाच्या पदकावर एका बाजूला शांततेची खूण आहे, तर दुसऱ्या बाजूला युद्धाची.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते १६६१ सालच्या एका प्रसंगावरून कळतं. स्वीडनचा नवा राजदूत टॉवर ऑफ लंडनजवळच्या धक्क्यावर उतरला. त्याच्यामागून जाणाऱ्या मिरवणुकीत आपली गाडी पुढे राहावी म्हणून स्पेन आणि फ्रान्सच्या माणसांत भर रस्त्यात जुंपली. स्पॅनिश मंडळी तयारीनिशी आली होती. घोड्यांच्या साजाचे पट्टे कुणी कापू नयेत म्हणून त्यांनी आतून लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. माणसं मेली, फ्रेंचांचे घोडे मारले गेले आणि स्पेनची गाडी पुढे निघाली. पुढे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने युद्धाची धमकी देऊन स्पेनला नमतं घ्यायला लावलं. आज अशी मारामारी होत नाही, कारण राजदूतांचा क्रम त्यांनी पदाची सूत्रं कधी घेतली यावर ठरतो, देशाच्या आकारावर नाही. हे तत्त्व १८१५ मध्ये व्हिएन्नात ठरलं आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारात कायम राहिलं. आम्हाला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आता प्रत्यक्ष सोहळा. नव्या राजदूताला आणायला मार्शल स्वतः जातो. गाडी ‘लँडो’ जातीची, म्हणजे टप दोन्ही बाजूंना मिटवता येणारी. राजदूताशेजारी मार्शल बसतो, मागच्या गाडीत दूतावासातली मंडळी. राजवाड्यात राजदूत मान लववून राजाला दोन पत्रं देतो: आपल्या राष्ट्रप्रमुखाने दिलेलं अधिकारपत्र आणि आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्र. पोशाख औपचारिक किंवा आपापल्या देशाचा. नेमणूक मात्र आजही कागदोपत्री ‘कोर्ट ऑफ सेंट जेम्स’कडेच, म्हणजे सेंट जेम्स पॅलेस या जुन्या राजवाड्याच्या दरबाराकडेच होते, जरी राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्येच बकिंगहॅम पॅलेसमध्ये राहायला गेल्या असल्या तरी. म्हणून सेंट जेम्स पॅलेसच्या विटांच्या दरवाजापुढे आपण मुद्दाम थांबतो.

एक खूण लक्षात ठेवा. गाडीला दोन घोडे असतील तर आत राजदूत आहे. चार असतील तर राष्ट्रकुलातल्या देशाचा उच्चायुक्त; राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे पाठवतात त्या राजदूताला हे नाव आहे. भारताच्या उच्चायुक्तांचा मान चार घोड्यांचा.

फेरफटका म्हणूनच ऑल्डविचच्या इंडिया हाऊसपासून, म्हणजे भारताच्या उच्चायुक्तालयापासून सुरू होतो. सर हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केलेली ही इमारत १९३० मध्ये उघडली आणि दर्शनी भिंतीवर तेव्हाच्या प्रांतांची चिन्हं अजून आहेत. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर मुंबई राज्याचं मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९५२ मध्ये इथे उच्चायुक्त म्हणून आले. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९६९ ते १९७२ या काळात इथे होते. या दोन नावांपाशी आमचे पाहुणे नेहमी रेंगाळतात, आणि आम्हीही घाई करत नाही.

तिथून स्ट्रँड, ट्रफाल्गर चौक आणि राजवाड्याकडे जाणारा ‘द मॉल’ हा रस्ता असं चालत आपण राजवाड्यामागच्या रॉयल म्यूजला पोचतो. हा राजाचा तबेला आणि गाडीखाना. म्यूज वर्षभर उघडं नसतं आणि तिकीट वेगळं असतं, तेव्हा नोंदणी करताना विचारून घ्या. गाड्यांना जुंपले जाणारे तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीचे ‘क्लीव्हलँड बे’ जातीचे घोडे इथेच राहतात.

मिरवणूक दिसेलच असं वचन आम्ही कुणालाही देत नाही. दिसली तर रस्त्याच्या कडेला थांबू आणि घोडे मोजू. चालणं बरंच आहे, पायात सवयीचे बूट घाला, छत्री पिशवीत असू द्या. सोहळा आटोपून परतल्यावर नवे राजदूत आपल्या दारात घोड्यांना गाजरं भरवतात, अशी इथली रीत आहे. ती मुलांना फार आवडते, पण म्यूजमधल्या घोड्यांना आपण काही खायला द्यायचं नाही, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.