हायड्रॉइड की ब्रायोझोअन? सी स्लगच्या जेवणातला कायमचा घोळ

सी स्लगचा, म्हणजे बहुधा बिनकवचाच्या समुद्री गोगलगाईचा, फोटो आला की खाली ठरलेलं वाक्य, 'शेवाळावर चरतोय'. अरे, शेवाळ खाणारे असतात ना, एलिसियासारखे, पेशीला भोक पाडून रस ओढणारे, पण न्यूडिब्रँक हा सी स्लगचा मोठा गट, ते झाडून सगळे मांसाहारी. स्पंज खाणारे डोरिड (न्यूडिब्रँकचाच एक गट) बऱ्याच जणांना माहीत असतात, त्यात फार गोंधळही नाही, सोडा.

गोंधळ होतो तो स्लग ज्यांवर बसलेले दिसतात त्या तपकिरी-पांढऱ्या झुडपासारख्या झुपक्यांचा. हायड्रॉइड आणि ब्रायोझोअन, दोन्ही प्राण्यांच्या वसाहती, पाण्यात डोलताना सारख्याच दिसतात, आणि लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने खपवतात. नातं मात्र काडीचं नाही. हायड्रॉइड जेलीफिशच्या गोतावळ्यातला, डंखपेशी असलेला, तोंड एकच, त्यातूनच खाणं आत आणि घाण बाहेर. ब्रायोझोअनला डंख नाही आणि आतडं यू आकाराचं, दोन्ही टोकं वेगळी.

रंग आणि उंची बघून ठरवू नका, प्लीज. भिंग घ्या आणि फांदी बघा. हायड्रॉइडची फांदी म्हणजे एक सलग नळी, आतून जिवंत पेशी जातात आणि पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक प्राणी, त्या नळीवर बसलेले असतात, काहींना पेला असतो, काही उघडेच. बुगुलासारख्या ब्रायोझोअनमध्ये वेगळी दांडी नसतेच, विटेला वीट लावावी तशा पेट्या जोडलेल्या आणि त्या पेट्या म्हणजेच फांदी, प्रत्येक पेटीत एक प्राणी. धक्का लागला की चटकन आत जातो म्हणजे ब्रायोझोअन, असं सर्रास सांगतात पण पेलावाले हायड्रॉइडही आत जातात, त्यामुळे ही खूण मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा प्राणी बाहेर असताना शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे तंतू, बघा, ब्रायोझोअनची नीट नरसाळ्यासारखी उभी राहतात आणि त्यांच्यावरचे बारीक केस सतत हलत असतात, हायड्रॉइडची वाकतात, वळतात, भक्ष्य पकडून तोंडाकडे नेतात. बुगुलावर पक्ष्याच्या डोक्यासारख्या चोची उघडमीट करताना दिसल्या तर विषयच मिटला.

एवढी कटकट कशाला, तर स्लगचं सगळं तंत्र तो काय खातो यावर चालतं. हायड्रॉइड खाणारे बरेच ईओलिड (हाही न्यूडिब्रँकचाच गट) न फुटलेल्या डंखपेशी पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाशी साठवतात आणि स्वतःच्या बचावाला वापरतात. म्हणून पाठीवर बोटं दिसली की 'ईओलिड, हायड्रॉइड खातो' लिहून लोक मोकळे होतात. जॅनोलस या न्यूडिब्रँकलाही बोटं आहेत, पण डंख साठवायची पिशवी नाही, कारण तो खातो ब्रायोझोअन.

आणि बसलाय म्हणजे खातोय असंही नाही. ब्रायोझोअनवर रोबोअॅस्ट्रा हा न्यूडिब्रँक दिसला तर तो बहुधा टॅम्बिया या दुसऱ्या न्यूडिब्रँकच्या मागावर असतो, ब्रायोझोअन खाणारा टॅम्बिया, आणि त्याला गिळणारा हा. म्हणून तोंड लागलेलं बघा किंवा विष्ठा तपासा, स्पंजच्या काट्या किंवा डंखपेशी निघाल्या तर पुरावा चांगला. पोटातल्या डीएनएवरूनही कळतं, पण रोबोअॅस्ट्राच्या पोटात टॅम्बियाने खाल्लेल्या ब्रायोझोअनचा डीएनएही निघू शकतो, तेव्हा तो बघून लगेच 'ब्रायोझोअन खाणारा' असा शिक्का मारू नका.