रोबो-नियंत्रण सॉफ्टवेअरमधील सुरक्षा-त्रुटी

औद्योगिक रोबोच्या कंट्रोलरमधील (रोबो चालवणाऱ्या संगणकातील) सॉफ्टवेअर, त्याची प्रोग्रॅमिंग भाषा किंवा त्याला जोडलेले नेटवर्क यांत राहून गेलेला असा कच्चा दुवा, की ज्यातून परक्या माणसाला रोबोची हालचाल, वेग, अचूकता किंवा पडद्यावर दिसणारी स्थिती बदलता येते. नाशिकच्या सातपूर, अंबड, गोंदे व सिन्नर या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग वेल्ड करण्यासाठी आणि मशीनवर जॉब (घडवायचा भाग) चढवण्या-उतरवण्यासाठी रोबो वापरले जातात. त्यामुळे हा विषय आता शॉप फ्लोअरवर आला आहे.

संज्ञा : मराठीत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कामगार शपथ घेतात ती अपघात टाळण्याची. गेटवरचा सुरक्षारक्षक असतो तो चोरी रोखण्यासाठी. पहिल्या अर्थात माणसाला यंत्रापासून जपायचे असते, दुसऱ्यात यंत्राला माणसापासून. प्रस्तुत नोंदीत पहिल्यासाठी ‘सुरक्षितता’ व दुसऱ्यासाठी ‘संरक्षण’ हे शब्द योजले आहेत. कारखान्यात पहिले काम सेफ्टी ऑफिसरकडे आणि दुसरे आयटी विभागाकडे असते. रोबोच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही, कारण संरक्षणातली त्रुटी थेट सुरक्षिततेवर येऊन आदळते.

अभ्यासाचा आरंभ : कारखान्यात काम करणारा पहिला रोबो १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. पुढे दीर्घकाळ रोबो बाहेरच्या जगाशी जोडलेलेच नव्हते. त्यांच्या संरक्षणाचा विचार २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रॅमपासून मोजण्याकडे कल दिसतो. परंतु स्टक्सनेटचे लक्ष्य इराणमधील युरेनियम समृद्धीकरणाची सेंट्रिफ्यूज चालवणारे पीएलसी (यंत्रे नियंत्रित करणारे औद्योगिक संगणक) होते, रोबो नव्हे. म्हणून २०१७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी मिलानचे तंत्रविद्यापीठ आणि ट्रेंड मायक्रो ही सायबर संरक्षण कंपनी यांच्या संशोधकांनी एबीबी या रोबो-उत्पादक कंपनीच्या आयआरबी १४० या रोबोवर व त्याच्या आयआरसी५ कंट्रोलरवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या त्रुटी त्यांनी आधी एबीबीला कळवल्या आणि एबीबीने त्या दुरुस्त केल्या.

या अभ्यासाचे मोल त्याने केलेल्या वर्गीकरणात आहे. हल्लेखोर नियंत्रण-चक्रातील (हालचाल सतत मोजून सुधारणाऱ्या यंत्रणेतील) गुणांक बदलू शकतो, कॅलिब्रेशन (स्थिती मोजण्याची जुळणी) बिघडवू शकतो, प्रोग्रॅम बदलू शकतो, रोबोची खरी स्थिती बदलू शकतो, किंवा ऑपरेटरला दिसणारी स्थिती खोटी करू शकतो. यांतला शेवटचा प्रकार सर्वांत गंभीर मानावा लागतो. टीच पेंडंटच्या (रोबोला हालचाली शिकवण्याच्या, हातात धरायच्या पॅनेलच्या) मागे तीन टप्प्यांचे एक बटण असते. ते मधल्या टप्प्यात धरले तरच मोटरला वीज मिळते. दचकून सोडले किंवा घट्ट आवळले, तरी आर्म (रोबोचा हात) थांबतो. मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे माणूस पेंडंटवरून रोबो हलवत असताना, वेग सेकंदाला २५० मिमी. पेक्षा जास्त नसावा, असा दंडक आहे. फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारी चौकट) नीट बसवायला सेलमध्ये (रोबोभोवतीच्या कुंपणात) शिरणारा सेटर, म्हणजे जुळणी करणारा कामगार, या दोन गोष्टींच्या भरवशावर आत पाऊल टाकतो. पडद्यावर ‘मॅन्युअल’ आहे आणि रोबो प्रत्यक्षात ऑटोमध्ये (आपोआप पूर्ण वेगाने चालण्याच्या स्थितीत) आहे, असे झाले तर हा भरवसा राहत नाही. आणीबाणीचे लाल बटण बहुधा स्वतंत्र दुहेरी वायरिंगवर असल्याने सॉफ्टवेअरने सहसा निकामी होत नाही, हे खरे. पण ते दाबायचे तर आधी धोका दिसावा लागतो.

वादाचा मुद्दा : काही कंट्रोलर नेटवर्कवरून आलेली आज्ञा, पाठवणारा कोण हे न विचारता, पाळतात. रोबोसाठी वापरल्या जाणाऱ्या आरओएस या खुल्या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतही ओळख तपासण्याची सोय नव्हती. ही त्रुटी नव्हे, बंद नेटवर्कसाठी केलेली रचनाच आहे, असा एक पक्ष. दुसरा पक्ष तिला त्रुटीच मानतो. कारखान्यातले चित्र पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. लघुउद्योगात रोबो बसवतो इंटिग्रेटर, म्हणजे रोबो जोडून चालू करून देणारा बाहेरचा ठेकेदार. कंट्रोलरचा आयपी पत्ता, पासवर्ड, बॅकअप सगळे त्याच्या लॅपटॉपवर. पुन्हा अंबडपर्यंत खेप नको म्हणून तो पॅनेलमध्ये सिमकार्डचा राउटर ठेवून जातो आणि राउटरचा मूळ पासवर्ड तसाच राहतो. कंट्रोलरचा पासवर्ड पेंडंटच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिलेला असतो, कारण तिन्ही शिफ्टना तो लागतो. ‘बंद नेटवर्क’ अशा ठिकाणी कागदावरच असते. यात ऑपरेटरला दोष देणे अन्यायाचे आहे. त्याला दुसरा मार्ग कोणी दिलेलाच नसतो.

प्रोग्रॅमिंग भाषा : रॅपिड (एबीबीची), केआरएल (कुकाची) यांसारख्या रोबोच्या भाषा प्रत्येक उत्पादकाच्या स्वतंत्र आहेत. मिलान व ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांच्याच २०२० मधील अभ्यासानुसार त्यांत फाइल व नेटवर्क हाताळण्याची मुभा आहे, परंतु कोणत्या प्रोग्रॅमला किती मुभा द्यायची याचा बंदोबस्त फारसा नाही. परिणामी कंट्रोलर निर्दोष असला, तरी त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम दार उघडे ठेवू शकतो.

अप्रत्यक्ष हानी : २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर संगणक-प्रोग्रॅममुळे रेनोचे काही कारखाने व होंडाचा जपानमधील सायामा कारखाना थांबला. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रॅममुळे न्हावा शेवा येथील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. नाशिकचा कांदा व द्राक्षे याच बंदरातून परदेशी जातात. यांत रोबोवर नेम धरलेला नव्हता.

मानके व उपाय : आयएसओ १०२१८ या रोबो-सुरक्षिततेच्या मानकाच्या २०२५ मधील आवृत्तीत सायबर संरक्षणाचा समावेश झाला. औद्योगिक नियंत्रणप्रणालींसाठी आयईसी ६२४४३ ही मानकमालिका आहे. भारतात सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. छोट्या कारखान्याला झेपतील अशा गोष्टी म्हणजे रोबोचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवणे, राउटर कामापुरताच चालू करणे आणि प्रोग्रॅमचा बॅकअप इंटिग्रेटरबरोबर स्वतःकडेही घेणे. आर्मच्या प्रत्येक सांध्यावर शून्यस्थितीच्या खुणा कोरलेल्या असतात. शिफ्टच्या सुरुवातीला रोबो शून्यावर आणून त्या खुणा जुळतात का हे डोळ्यांनी पाहिले, तर कॅलिब्रेशनमधला ढोबळ फेरफार पडद्यावर विसंबून न राहता कळतो.