विमानाच्या चाकांसाठी ॲल्युमिनियम मिश्रधातू

विमानाचे चाक, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो धातूचा भाग, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची घडाई करून बनवतात. ते दोन अर्धांत घडवून बोल्टांनी जोडतात, कारण विमानाचा ताठ, जाड टायर अखंड चाकावर चढवता येत नाही. पूर्वी मॅग्नेशियमची चाकेही वापरात होती. वजनाला हलकी, पण फार लवकर गंजत.

चाकांसाठी सर्वांत रुळलेला मिश्रधातू २०१४ क्रमांकाचा. त्यात सुमारे ४.४ टक्के तांबे आणि थोडे सिलिकॉन, मँगॅनीज व मॅग्नेशियम असते. घडवलेले चाक ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून झटकन थंड करतात आणि मग १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास मुरू देतात. मुरताना तांब्याचे अणू अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होतात आणि त्या कणांमुळे धातूला बळ येते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये आढळलेली हीच ती प्रक्रिया.

अडचण अशी, की हे मुरणे भट्टीत संपत नाही. ब्रेक चाकाच्या पोकळीतच बसवलेले असतात. विमान उतरून जागेवर उभे राहिले तरी ब्रेकांतली उष्णता चाकात झिरपत राहते आणि चाकाचे तापमान आणखी काही मिनिटे चढतच जाते. अशी उष्णता वारंवार लागली की बारीक कण एकत्र येऊन मोठे व विरळ होतात, धातू जास्त मुरतो आणि मऊ पडतो. म्हणून जस्तयुक्त ७०५० सारखा मिश्रधातू थंडपणी २०१४ पेक्षा बळकट असूनही तापणाऱ्या चाकात तितका भरवशाचा नाही. साधारण १२० अंशांपुढे त्याचे बळ झपाट्याने उतरते. चाकांच्या धातूसंशोधनात नुसत्या ताकदीच्या आकड्यावर भाळून चालत नाही ते यामुळेच.

या प्रश्नावरचे सर्वांत सुंदर उत्तर चांदीचे आहे. २०४० या मिश्रधातूत सुमारे ५ टक्के तांब्याबरोबर जेमतेम अर्धा टक्का चांदी घालतात. चांदी व मॅग्नेशियमच्या साथीने तांब्याचे कण पातळ पत्र्यांसारखे वाढतात. ते दोन्ही अणू पत्र्यांच्या पृष्ठभागावर जमून त्यांना जाड होऊ देत नाहीत, त्यामुळे हे कण २०० अंशांच्या आसपासही बराच काळ टिकतात. झिर्कोनियम या धातूची चिमूट घडाईत तयार झालेली स्फटिकांची रचना राखते.

चाकाला तडा बहुधा टायरची कड टेकते त्या वळणावर जातो. तिथला गंजाचा बारीकसा खड्डाही शिणवट्याच्या, म्हणजे वारंवार ताण पडून जाणाऱ्या, तड्याला पुरतो. म्हणून त्या वळणावर रूळ दाबून किंवा छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग आवळून घेतात आणि टायर बदलताना एडी करंटच्या शोधकाने, म्हणजे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करून तडे हुडकणाऱ्या उपकरणाने, तीच जागा तपासतात. जास्त तापलेल्या चाकाचे काठिन्य व विद्युतवाहकता मोजतात: काठिन्य उतरलेले आणि वाहकता वाढलेली आढळली, तर दिसायला धड असलेले चाकही बाद होते.