पावणेदोन लाखांची परीक्षा

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या सभेनंतर मी माझ्या टिपणांतला एक परिच्छेद तीन वेगवेगळ्या एआय चॅटबॉटना दिला आणि त्यावरून फलकावर लावण्यासाठी दहा ओळींची सूचना तयार करून मागितली. त्या परिच्छेदात तीन वाक्ये होती, ती मी मुद्दाम तशीच ठेवली: 'लिफ्टच्या दुरुस्तीला पावणेदोन लाख खर्च येईल', 'कंत्राटदार परवा पाहणी करून गेला' आणि 'थकबाकीवर व्याज आकारू नये हा ठराव फेटाळला गेला'. तिघांचेही मराठी सफाईदार होते. मात्र एकाने पावणेदोन लाखांचे २,७५,००० रुपये केले, तर दुसऱ्याने आधीच येऊन गेलेल्या कंत्राटदाराला परवा पुन्हा बोलावले. तिसऱ्याच्या मजकुरात चूक सापडली नाही, पण सूचना दहाऐवजी सव्वीस ओळींची होती आणि तिच्यात सभेत कोणीही न मानलेले आभार मानलेले होते.

एवढ्यावरून तिसरा चांगला असा निकाल देता आला असता. पण दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद पुन्हा दिला, तर पहिल्याने रक्कम अचूक लिहिली आणि तिसऱ्याने व्याजाचा ठराव चक्क मंजूर करून टाकला. हा लहरीपणा या यंत्रणांच्या घडणीतच आहे. चॅटबॉटच्या मागे काम करणारे भाषेचे मॉडेल आधीचा मजकूर पाहून पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करते आणि त्या शक्यतांनुसार जणू वजन लावलेला फासा टाकून एक तुकडा निवडते. त्या निवडीत मोकळीक किती द्यायची, हे 'टेम्परेचर' नावाच्या एका आकड्याने ठरते आणि नेहमीच्या वापरात तो सहसा शून्यावर, म्हणजे मोकळीक बंद करून, ठेवलेला नसतो. म्हणून एका प्रश्नाच्या एका उत्तरावरून केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. तोच प्रश्न प्रत्येकाला निदान तीन वेळा, दर वेळी नवे संभाषण सुरू करून, विचारायला हवा.

मग जगभर ज्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध होतात, त्यांचे काय? त्यांतली सर्वांत गाजलेली क्रमवारी २०२३ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'चॅटबॉट अरीना' या नावाने सुरू केली. वापरणाऱ्याने प्रश्न विचारायचा, दोन निनावी मॉडेलांची उत्तरे शेजारी शेजारी पाहायची आणि आवडेल त्याला मत द्यायचे. नावे मत दिल्यानंतर उघड होतात. कोणी कोणाला हरवले यावरून खेळाडूंचे बळ आकड्यात मांडणारी एलो पद्धत बुद्धिबळात आहे, तिच्यासारखे गुण या मतांवरून काढले जातात. ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण यादीतला पहिला आणि सहावा क्रमांक यांतले अंतर वाटते त्याहून पुष्कळ कमी असू शकते. एलोच्या सूत्रानुसार १०० गुणांचा फरक म्हणजे शंभरांपैकी सुमारे ६४ सामन्यांत वरच्याची सरशी, आणि २० गुणांचा फरक म्हणजे जेमतेम ५३. एवढा बारीक फरक रोजची चार पत्रे लिहिणाऱ्याला कधी जाणवणारही नाही.

दुसरी अडचण अशी की मत आवडीला मिळते, अचूकपणाला मिळेलच असे नाही. लांबलचक, ठळक मथळ्यांनी सजवलेली उत्तरे लोकांना भावतात, हे ध्यानात आल्यावर अरीनाच्या चालकांनी २०२४ मध्ये मांडणीचा प्रभाव वजा करून गुण काढण्याची सोय केली. एप्रिल २०२५ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीचे 'लामा ४ मॅव्हरिक' हे मॉडेल या यादीत दुसऱ्या क्रमांकावर झळकले. पण तिथे उतरवलेली आवृत्ती गप्पांसाठी खास घडवलेली, प्रायोगिक होती. लोकांना प्रत्यक्ष मिळालेली आवृत्ती नंतर त्याच यादीत पुष्कळ खाली गेली. त्याच महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलमध्ये केलेला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण मॉडेल वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला माना डोलवू लागले होते. लोकांच्या तात्कालिक पसंतीला आपण जास्त वजन दिले, असे कंपनीने स्वतःच सांगितले. माझ्या मजकुरातले ते न मानलेले आभार कदाचित याच गोडव्याच्या जातीचे असावेत.

ठरावीक प्रश्नपत्रिकांवर घेतलेल्या परीक्षांचे दुखणे आपल्याकडच्या कोणालाही चटकन कळेल: पेपर फुटतो. २०२० साली तयार झालेल्या एमएमएलयू या परीक्षेत ५७ विषयांचे सुमारे १६,००० बहुपर्यायी प्रश्न आहेत आणि ते इंटरनेटवर खुले आहेत. मॉडेलेही त्याच इंटरनेटवरचा मजकूर वाचून शिकतात. २०२४ मध्ये अॅपलच्या संशोधकांनी शालेय अंकगणिताच्या अशाच एका प्रसिद्ध प्रश्नसंचातली नावे आणि आकडे बदलून पाहिले, तेव्हा मॉडेलांचे गुण घसरले. गणित तेच होते, फक्त रमेशचा सुरेश आणि पाचाचे सात व्हावेत, इतकाच बदल होता.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट तपासावी लागते, जी इंग्रजी क्रमवाऱ्यांत दिसत नाही. मॉडेल अक्षरे वाचत नाही, 'टोकन' नावाचे तुकडे वाचते, आणि हे तुकडे कसे पाडायचे ते प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. संगणकात साठवताना इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला आणि मात्रेला तीन लागतात. त्यातून मॉडेल शिकते त्या मजकुरात मराठी तुलनेने कमी असल्यामुळे आपले शब्द बारीक तुकड्यांत फुटत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात एका छोट्या मराठी मजकुराचे पूर्वी ९६ टोकन होत, ते नव्या पद्धतीत ३३ झाले. त्याच मजकुराचे इंग्रजीत २७ चे २४ झाले. एका वेळी मावणारा मजकूर टोकनांत मोजला जातो आणि वापराची मर्यादाही अनेकदा टोकनांतच असते. म्हणजे त्या नमुन्याच्या हिशेबाने जुन्या पद्धतीत मराठी माणसाची अशी मर्यादा इंग्रजीवाल्याच्या साडेतीनपट वेगाने संपत असे. एकूण गुण सारखे असलेले दोन चॅटबॉट लांबलचक मराठी कागदपत्रांवर सारखे ठरतीलच असे नाही, ते यामुळे.

नावावर विसंबण्यातही धोका आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, क्लॉड आणि गुगलचे बार्ड पुढच्या मार्चमध्ये, आणि बार्डचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जेमिनाय झाले. पण या नावांमागची मॉडेले तेव्हापासून अनेकदा बदलली आहेत आणि फुकट व सशुल्क वापरातही वेगळी असू शकतात. खानावळीची पाटी तीच, आचारी नवा. सहा महिन्यांपूर्वीचा अभिप्राय त्यामुळे शिळा समजावा, आणि त्यात माझाही आला.

आता मी एक साधी पद्धत ठेवली आहे. खऱ्या कामातले पाच नमुने घेतले: इतिवृत्त, बँकेला लिहायचे पत्र, खर्चाचा तक्ता, एका लांब इंग्रजी पत्राचा मराठी गोषवारा आणि सभेची सूचना. सभासदांची नावे आणि थकबाकीच्या रकमा आधीच बदलल्या. उत्तरे मुलीने नावे काढून, क्रम उलटसुलट करून छापून दिली, कारण ब्रँड माहीत असला की डोळे आपोआप पक्षपात करतात आणि आधी वाचलेल्याची छाप उरतेच. मी गुण देत नाही. प्रत्येक उत्तर फलकावर लावण्याजोगे करायला मला किती मिनिटे लागली, तेवढेच समासात लिहितो. सव्वीस ओळींच्या त्या बिनचूक सूचनेला अकरा मिनिटे गेली. ज्यात पावणेदोन चुकले होते, तिला चार. पण ती चूक माझ्या नजरेला पडली म्हणून चार.