गाडीच्या दाराचं रबर कुरकुरतं तेव्हा

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांदण रस्त्यांवर वर्दळ वाढते. बंड्या, ट्रॅक्टर, आणि आता बऱ्याच घरी आलेल्या जुन्या-नव्या चारचाकी. मागच्या हिवाळ्यात मी अशाच एका पांदणीतून गाडी शेताकडे नेत होतो, तर डाव्या बाजूच्या मागच्या दारातून किर्र-किर्र आवाज यायला लागला. डांबरी सडकेवर आलो की बंद, पांदणीत शिरलो की पुन्हा सुरू. मिस्त्रीनं दार दोनदा उघडून लावून पाहिलं. म्हणाला, "सर, रबर वाळलं याचं. त्याले जरासं आइल पाजा, चूप बसते." आणि फडक्यावर जळकं ऑइल घेऊन त्यानं ते सगळ्या रबरावर फिरवलंसुद्धा.

आवाज खरंच बंद झाला. पण पुढे मे महिन्यात, ऐन नवतप्यात, दार उघडलं तर रबर चौकटीला चिकटलेलं, आणि एका कोपऱ्यात ते खोबणीतून बाहेर आलं. हात लावला तर फुगलेलं, मऊ पडलेलं, वर धुळीचा काळा राप. मिस्त्रीचा हेतू चांगला होता. बंडीच्या आखाला वंगण घातलं की कुरकुर थांबते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. पण तो आख लोखंडाचा असतो. रबराचं वागणं वेगळं आणि रसायनही वेगळं.

"वाळलेलं रबर तेल पितं" हा समज मला जिथे तिथे ऐकू येतो. दाराचं रबर, म्हणजे ज्याला दुकानात बीडिंग म्हणतात ते, तहानेनं कुरकुरत नाही. ते चिकटतं आणि सुटतं, पुन्हा चिकटतं आणि सुटतं. सेकंदाला शेकडो वेळा. तो आवाज या चिकटण्या-सुटण्याचा आहे.

हे घरी पाहता येतं. एका विटेला सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी बांधा, वीट फरशीवर ठेवा आणि पट्टीचं टोक धरून अगदी हळू ओढा. वीट सरळ येत नाही. आधी पट्टी ताणत जाते, वीट जागची हलत नाही; मग वीट झटक्यात पुढे येते, पट्टी सैल पडते, वीट थांबते. पुन्हा तेच. कारण शाळेत शिकलेलंच: थांबलेल्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती हलती ठेवायला कमी लागतो. आता तीच पट्टी जोरात, सलग ओढा. वीट बऱ्यापैकी गुळगुळीत सरकते. वेग वाढला तर झटके जातात, हे ध्यानात ठेवा.

गाडीच्या दारात वीट आणि पट्टी ही दोन्ही कामं रबरच करतं. पांदणीच्या खड्ड्यात गाडीचं धूड पिळवटतं, दार आणि चौकट एकमेकांपासून मिलिमीटरच्या काही भागाइतके सरकतात. रबराचा वरचा थर रंगवलेल्या पत्र्याला धरून बसतो, आतला भाग ताणला जातो, मग पकड सुटते. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणून तर गजाच्या केसांना राळ लावतात, पकड यावी म्हणून. ओल्या बोटानं स्टीलच्या ताटाची कड घासली की येणारा आवाजही याच जातीचा. आणि जमिनीच्या पोटात खडकांच्या भेगा अशाच अडकतात आणि झटक्यात सुटतात, तोच भूकंप, ही कल्पना ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडली. एकाच नियमातून सारंगीचा सूर आणि भूकंप दोन्ही निघतात, याचं मला आजही नवल वाटतं.

आता थोडं खोलात. घर्षण म्हटलं की आपण ऊर्जा खाणारी गोष्ट समजतो. झोका सोडून दिला की हवेचा आणि कड्यांचा विरोध त्याला हळूहळू थांबवतो. पण वेग वाढताना घर्षण कमी होत असेल तर हिशोब उलटतो. रबराचा थर पत्र्याच्या दिशेनं जात असतो तेव्हा दोघांमधला सापेक्ष वेग कमी, म्हणून घर्षण जास्त, म्हणजे पत्रा त्याला आणखी पुढे ढकलतो. थर उलट परततो तेव्हा सापेक्ष वेग जास्त, म्हणून घर्षण कमी, म्हणजे परतताना अडवणूक थोडी. दर फेरीला घर्षण पदरचं देतं. झोक्याला नेमक्या वेळी हात लावणाऱ्या माणसासारखं. एवढासा कंप असा वाढत जातो आणि कानाला ऐकू येतो.

मग सगळंच रबर सतत का कुरकुरत नाही? कारण रबराच्या घर्षणाचा आलेख सरळ नाही. रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचं जाळं. या साखळ्या सतत वळवळत असतात, पत्र्याला क्षणभर धरतात आणि सोडतात. फार हळू सरकवलं तर साखळीला धरण्या-सोडण्याला भरपूर वेळ मिळतो, घर्षण कमी. वेग वाढवला की घर्षण वाढत वाढत एका शिखराला पोचतं. त्याहून वेग वाढला तर साखळीला धरायलाच फुरसत नाही, आणि घर्षण उतरतं. कुरकुर येते ती या उतारावर. १९६३ मध्ये ग्रॉश या संशोधकानं दाखवलं की वेगवेगळ्या तापमानांवर मोजलेले आलेख सरकवून एकाच आलेखावर बसवता येतात: रबर थंड करणं म्हणजे वेग वाढवण्यासारखंच. थंडीत साखळ्या सुस्तावतात, त्यांच्या मानानं तोच पांदणीतला धक्का जलद ठरतो, आणि रबर शिखर ओलांडून उतारावर जाऊ शकतं. शिवाय ते घट्टही होतं. पौषातल्या पहाटे कुरकुरणारं दार दुपारच्या उन्हात गप्प का होतं, याचं उत्तर मला इथे सापडलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७१ मध्ये शालामाख यांनी पारदर्शक, कठीण पृष्ठभागावरून मऊ रबर सरकताना पाहिलं, तर कित्येकदा ते सरकतच नव्हतं. त्याच्या पृष्ठभागावरून सुटलेल्या वळ्यांच्या लाटा जात होत्या. लग्नाच्या मांडवातली जड सतरंजी ओढून हलत नाही, पण तिच्यात एक वळी पाडून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेली की सतरंजी वीतभर पुढे सरकते. रबर तसंच चालतं. प्रत्येक दारात या लाटा असतातच असं नाही.

आता तेलाकडे. गाडीच्या दाराचं रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं: इथिलीन, प्रोपिलीन आणि थोडासा डाइन. ज्या उत्प्रेरकांमुळे असं रबर करता आलं, त्यांच्या शोधासाठी झिग्लर आणि नाट्टा यांना १९६३ चं नोबेल मिळालं. नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात, हवेतला ओझोन ते तोडतो, म्हणून जुन्या रबरी वस्तूंना भेगा जातात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते नसतात. त्यामुळे ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीवर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण ही साखळी म्हणजे शुद्ध हायड्रोकार्बन, आणि डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस, पेट्रोलियम जेलीही हायड्रोकार्बनच. सजातीयांचं जमतं. तेल जाळ्यात शिरतं, साखळ्यांना दूर सारतं, रबर फुगतं. सुरुवातीला वरचा थर निसरडा झाल्यानं आवाज थांबतो आणि माणूस फसतो.

सिलिकॉन तेलाचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो. ईपीडीएममध्ये ते फारसं शिरत नाही, वरच्या वर पातळ पसरतं. ऊन-थंडीनं त्याचा दाटपणाही खनिज तेलाच्या मानानं बराच कमी बदलतो, जे आपल्या हवामानात मोलाचं आहे.

इथे एक बोलणं भाग आहे. "गाडी अमावस्येले आणली, म्हणून कुरकुरते" असं मला एका वडीलधाऱ्या माणसानं मनापासून सांगितलं, आणि लिंबू-मिरची बदलायला लावली. ज्या दाराचा आवाज दुपारी बारा वाजता आपोआप थांबतो, त्याला अमावस्येशी जोडण्यात अर्थ नाही. तितकाच अर्थ "नॅनो" लिहिलेल्या महागड्या बाटलीत नाही, जिच्यावर आत काय आहे हे लिहिलेलंच नसतं. ती घेऊ नका.

करायचं काम साधं आहे. आधी खात्री करा: दार उघडताना आवाज येत असेल तर दोष बिजागरीचा किंवा दार अडवणाऱ्या पट्टीचा, तिथे ग्रीसच हवं. गाडी धावताना येत असेल तर संशयित रबरावर जरा टाल्कम पावडर चोळून पांदणीत फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला. मग रबर आणि ते जिथे टेकतं तो पत्रा, दोन्ही साबणाच्या पाण्यानं पुसा. पत्रा लोक विसरतात. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा फार बारीक, तो ओल्या फडक्याशिवाय निघत नाही. आणि धुळीवरच वंगण लावलं तर त्याचा लगदा होऊन रंग घासतो. सावलीत पूर्ण वाळू द्या. सिलिकॉन ग्रीस किंवा स्प्रे फडक्यावर घ्या, थेट दारावर नको, आणि अगदी पातळ हात फिरवा. काचेवर, पेडलवर, ब्रेकच्या चकतीवर एक थेंबही जाऊ देऊ नका.

तरीही आवाज राहिला तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून पाहा. कुठे ती सहज निसटली तर तिथलं रबर दबून चपटं झालंय किंवा दार नीट बसत नाही. वंगणानं ते सुधारणार नाही.

माझ्या दाराचं रबर बदलावंच लागलं. इतर दारांचं शाबूत होतं; त्यातल्या एकाच्या टोकाचा निरुपयोगी भाग कापून मी दोन सारखे तुकडे केले, पाच-पाच सेंटिमीटरचे. एक काचेच्या बाटलीत डिझेलमध्ये ठेवला, दुसरा सिलिकॉन तेलात. दोन दिवसांनी सातवीच्या पोरांनी ते फूटपट्टीवर मोजले. डिझेलमधला उघड लांब भरला होता. एका मुलीनं तो बोटांत दाबून पाहिला आणि विचारलं, "सर, हा वाळला की परत पहिल्यासारखा होते का?" तो तुकडा आता वर्गाच्या खिडकीत वाळतो आहे, आणि ती दर सोमवारी त्याची लांबी वहीत लिहिते.